वाघासाठी उभा राहिलो, माटोळीला कुणी बोलावलं नाही

रानवाट
मी मूळचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, पोटापाण्यासाठी बावीस वर्षं पणजीत. आमचा वाडा म्हादई अभयारण्याला लागून आहे. नाव लिहीत नाही, सत्तरीत सगळे एकमेकांना ओळखतात.

नाद दोन. एक, दुर्बीण घेऊन रानात हिंडण्याचा. दुसरा मोर्चांचा. २००६ च्या डिसेंबरात प्रादेशिक आराखड्याविरुद्ध आझाद मैदानावर होतो. २०२० च्या नोव्हेंबरात रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रात्री मेणबत्त्या घेऊन रुळांवर बसलेल्या गर्दीत मीही होतो. घरची म्हणते, तुमचं एक पायताण रानात झिजतं आणि दुसरं रस्त्यावर.

तर झालं असं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी व्याघ्र प्रकल्पाची मागणी करायला आम्ही चाळीसेक माणसं पणजीत उभी राहिलो. माझ्या हातात फलक होता, 'वाघ हाच खरा गावकार'. कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. कुणी काही लिहिलं नाही. नुसत्या निळ्या खुणा.

चवथीला गावी गेलो. आमच्याकडे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगतो त्याचं, सामान बाजारातून येत नाही. आदल्या पहाटे सगळे चुलतभाऊ मिळून रानात जातो. कांगलां, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, जे मिळेल ते. लहानपणापासून माझं एक वर्ष चुकलेलं नाही. यंदा उठलो तर अंगणात कुणी नाही. मला न उठवता गेले होते.

दुपारी काका एवढंच म्हणाले, "तुझा गावकार येऊन बांधील माटोळी."

मंडळी, दोन प्रश्न. माझं चुकलं काय? आणि त्याहून मोठा: रस्त्यावर उतरून रान वाचतं, की आपल्याला बरं वाटतं एवढंच?

डिचोलीकर
काकांना साष्टांग नमस्कार. अख्ख्या याचिकेला एका वाक्यात उत्तर.

खाजेवाला
धागा रंगणार. खाजें घेऊन पुढच्या बाकावर बसलोय.

काजूबोंड
रानवाटदादा, मी वाळपईजवळची. राग मानू नका, पण तुमचं चुकलं. वाघाची मागणी केलीत ते नव्हे, फलकावरचं वाक्य.

गावकार हा शब्द तुम्ही पणजीत कवितेसारखा वापरता. आमच्याकडे गावकार म्हणजे मांडावर, गावच्या देवकार्याच्या जागी, ज्याचा पहिला मान, जमिनीवर ज्याचा पहिला शब्द. आणि आमच्या सत्तरीत जमिनीचंच तर रडगाणं. कुणाची आल्वारा, कुणाची मोकासो (जुन्या सनदेच्या जमिनी), कुणाची नुसती कसणूक. आजोबांनी लावलेली काजू आज आम्ही वेचतो, कागदावर आमचं नाव नाही. अशा माणसाला तुम्ही सांगता की खरा गावकार वाघ. मग तो कोण? उपरा?

मलाही रान आवडतं. आमच्या शेतामागच्या झाडावर धनेश येतो, त्याची ढोली मी कुणाला दाखवत नाही, फोटोवाल्यांना तर नाहीच. पण गेल्या वर्षी गव्यांनी एका रात्रीत दीडशे केळी आडवी केली. भरपाईसाठी दोनदा अर्ज केला. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, तिथून पंचनामा, पंचनाम्याला माणूस आला तोवर केळीच्या जागी गवत वाढलेलं. तो मला विचारतो, "बाई, केळी कुठं होती?"

गोवा सरकारनं गवा हा राज्यप्राणी केलाय, तेव्हा त्याच्यावर रागावणंही राजद्रोह असेल म्हणून गप्प बसले.

डिचोलीकर
राज्यप्राण्याने राज्यकारभारासारखाच कारभार केला म्हणायचा. रात्रीत साफ.

कायद्याचं बोला
भावना बाजूला ठेवून क्रम पाहू.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला. याचिका गोवा फाउंडेशनची. त्याच निकालात वनहक्काचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असंही म्हटलं होतं. हा भाग मोर्चातल्या फलकांवर कधी दिसत नाही आणि गावातल्या सभांतही कुणी वाचून दाखवत नाही. दोन्ही बाजूंना तो अडचणीचा. पुढे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दुसरं, व्याघ्र प्रकल्प म्हणजे दुसऱ्या दिवशी ट्रक येऊन माणसं उचलणार, असं कायद्यात नाही. गाभा क्षेत्रातलं पुनर्वसन स्वेच्छेनं व्हावं लागतं, त्यासाठी केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे पंधरा लाखांची तरतूद आहे.

तुमच्या मोठ्या प्रश्नाचं माझं उत्तर: रस्त्याने काही होत नाही. मोलेचं अभयारण्य घ्या. तिथल्या काही प्रकल्पांना एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, व्हिडिओवरच्या बैठकीत वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली. तुम्ही चांदरला गाणी म्हटलीत, चित्रकारांनी चित्रं काढली, छान झालं. पण कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाची मंजुरी ९ मे २०२२ रोजी रद्द केली ती सर्वोच्च न्यायालयाने, आणि तीही केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालावरून. कागदाने कागद मारला. मेणबत्तीने नव्हे.

रानवाट
@कायद्याचं बोला, त्या समितीपुढे जी निवेदनं गेली ती कुणी लिहिली? कॉलेजची पोरं, शास्त्रज्ञ, वकील रात्र रात्र बसून कागद वाचत होते. आणि ती पोरं त्या कामाला लागली कारण कुठल्यातरी चौकात कुणीतरी फलक धरलेला त्यांनी पाहिला.

@काजूबोंड, शब्दाचं पटलं. ते मला सुचलंच नव्हतं. ताई, तुमच्या शेतावर कधी आलो तर ढोली विचारणार नाही.

फोंड्याचा म्हातारा
वयाने बहुधा सगळ्यांत मोठा असेन, म्हणून जरा लांबण लावतो.

नायलॉन ६,६ आठवतं का कुणाला? केरी, आमच्या फोंडा तालुक्यातली केरी, सत्तरीतली नव्हे. भूतखांबचं पठार. थापर-ड्यूपाँचा नायलॉनचा कारखाना तिथं येणार होता. १९९४-९५ चे दिवस. गावच्या गाव रस्त्यावर. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. कारखाना गोव्यातून गेला तो गेलाच, तमिळनाडूत उभा राहिला.

आता ऐका. त्या सगळ्या वर्षांत मी एकदाही 'वन्यजीव' हा शब्द ऐकला नाही. आम्ही बोलत होतो झऱ्यांबद्दल, विहिरींबद्दल, सावईवेऱ्याच्या कुळागरांबद्दल, म्हणजे पोफळीच्या बागांबद्दल. पठारावर पडणारं पाणी खालच्या पोफळीला मिळतं, एवढं शास्त्र प्रत्येक बाईला तोंडपाठ होतं. पठार राहिलं ते पोफळीसाठी. पण राहिलं, म्हणून तिथं आज पावसाळ्यात फुलं असतात आणि तुमच्यासारखे लोक दुर्बिणी घेऊन जातात. पक्ष्यांच्या नावानं आम्ही हाक घातली असती तर किती जण आले असते? दहा.

म्हणून @कायद्याचं बोला यांना सांगतो, रस्त्याने होतं. पण पोटाच्या नावानं उतरलेल्या रस्त्याने.

जाता जाता: आमच्या तालुक्यात नदीकाठच्या काही गावांत पौष अमावस्येला चिखलाची मगर करून पूजतात, मानगें थापणी म्हणतात. खाजनाचा (खाऱ्या पाण्यालगतच्या शेताचा) बांध आणि मगर दोन्ही एकाच नदीचे, हे त्यांना वर्गात बसून शिकावं लागलं नाही.

खाजेवाला
आजोबांचा प्रतिसाद वाचून खाजें खाली ठेवलं.

उसगावचा टिप्पर
मला एक कळत नाही. तुम्ही रस्त्यावर उतरलात की आंदोलन, आणि आम्ही उतरलो की तमाशा?

२०१२ ला खाणी बंद, मधे चालू, परत सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं खाणींच्या ८८ लीज रद्द. माझ्या टिप्पर ट्रकचे हप्ते चालू होते. मार्च २०१८ मध्ये आम्ही पणजीत आलो, पूल अडवले, लाठ्या खाल्ल्या. तेव्हा ह्याच शहरातले लोक गाडीत बसून शिव्या देत होते, कामावर उशीर होतो म्हणून. चांदरला मेणबत्त्या, आम्हाला 'खाण माफियाची माणसं'. मी माफिया असतो तर आज भाजीचा टेंपो चालवत असतो काय?

खाणीनं डोंगर खाल्ले हे मला दिसत नाही असं नाही. मीच नेलेत. लहानपणी आमच्या ओढ्यात खेकडे मिळायचे, नंतर लाल चिखल मिळाला. पण ज्याच्या घरी पगार महिन्याच्या एक तारखेला येतो त्यानं मला डोंगराचं प्रेम शिकवू नये.

डिचोलीकर
टिप्परबाब, माझ्याही घरात दोन टिप्पर होते. विनोद करतो म्हणून विसरलोय असं नाही. +१.

मुंबईत अडकलेला
वाचून वाईट वाटलं. आमच्या लहानपणचा गोवा किती शांत होता. आता गोवा विकला गेला. दिल्लीवाले येऊन सगळं घेऊन गेले. लोकांना जागं करायला हवं. वाघ वाचला तरच गोवा वाचेल!

काजूबोंड
@मुंबईत अडकलेला, तुमचं गावातलं भाट (बागायत) कुणाला विकलंत ते आधी सांगा.

मुंबईत अडकलेला
ते वाटणीचं होतं. माझा एकट्याचा निर्णय नव्हता.

खाजेवाला
खाजें परत उचललं.

मोरजीची
आम्ही किनाऱ्यावरचे, आमच्याकडे वाघ नाही, कासव आहे. अनुभव सांगते, कुणाच्या उपयोगी पडला तर.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. ही चार नावं २०११ च्या किनारी नियमनाच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीची ठिकाणं म्हणून आहेत. आमचा शॅक त्यातल्याच एका किनाऱ्यावर. सासऱ्यांच्या काळात अंडी सर्रास खाल्ली जायची, लपवत नाही. मग रक्षक म्हणून गावचीच पोरं घेतली गेली. ज्याचा बाप अंडी काढायचा तोच मुलगा रात्री खळ्याला जाळी लावून राखण करायचा. मी म्हणते, मोर्चा न काढता झालेला बदल तो हाच. अंडी कुठं असतात ते त्यालाच ठाऊक होतं ना!

पण आता दुसरं. शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर पडायला पन्नास-साठ दिवस. तेवढे दिवस आम्ही समोरचे दिवे बंद ठेवतो, कारण पिल्लू उजेडाकडे चालतं. आणि शेजारी पहाटे तीनपर्यंत ढोल आणि रंगीत झोत. आम्ही अंधारात बसून आमटी वाढायची आणि त्यांनी उजेडात पैसे मोजायचे. मला रस्त्यावर उतरायचं असेल तर ह्यासाठी उतरेन. कुणी येईल?

रानवाट
मी येईन. खरंच.

तिसवाडी लोकल
राजकारणाशिवाय धागा अळणी झाला म्हणून मीठ टाकतो.

सरकारचं म्हणणं काय, तर गोव्यात कायमचे वाघ नाहीत, शेजारून येऊन जातात. भीमगड आणि काळीच्या रानातून येणारे पाहुणे. बरं. मग जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ विष खाऊन मेले, ते पाहुणचारात?

आणि येऊन-जाऊन असणाऱ्यांबद्दल विधानसभेनं बोलू नये. जुलै २०१९ मध्ये दहा आमदार एका रात्रीत इकडून तिकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ. त्या आधी, निवडणुकीपूर्वी, देवळात, खुरसाकडे (क्रॉसपाशी) आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा. वाघानं निदान शपथ घेतलेली नव्हती.

मागणी: आमदारांना रेडिओ कॉलर लावा. वाघाचा माग आपोआप सोपा होईल.

डिचोलीकर
कॉलर कुठल्या पक्षाच्या रंगाची? बॅटरी संपेपर्यंत रंग बदललेला असणार.

तिसवाडी लोकल
आणखी एक. नव्या पिढीला खरं वाटणार नाही म्हणून लिहून ठेवतो. २०१६ साली आमच्या राज्यात कायदा दुरुस्त करून माड हे झाड नव्हे असं ठरलं, म्हणजे तोडायला परवानगी नको. त्याच वर्षी कृषिमंत्र्यांनी मोर उपद्रवी ठरवायचा विचार बोलून दाखवला. राष्ट्रीय पक्षी! पुढच्या वर्षी माड परत झाड झाला आणि वर राज्यवृक्षही. एका वर्षात गवतापासून राज्यवृक्षापर्यंत बढती, हे फक्त राजकारणात होतं.

काजूबोंड
हसले, पण मोराचं म्हणाल तर ज्यानं मिरचीचा वाफा लावलाय त्याला विचारा.

आणि गोळावलीचा विषय निघालाच आहे तर विनोदात संपवू नका. विष घालणं पाप, त्यात दुमत नाही. पण ते कशावरून झालं? वाघानं गुरं मारली, त्यावरून. ज्यांच्यावर आळ आला ती माणसं जंगलाच्या काठी गुरांवर जगणारी. आमच्या गावात वाघ्रोचा, वाघदेवाचा, दगड आहे, दरवर्षी नारळ ठेवतो. वाघ्रोला नारळ देतो म्हणून वाघाला म्हैस देणं परवडतं असं नव्हे. म्हशीची किंमत त्याच आठवड्यात हातात पडली असती, तर ते चार आज जिवंत असते असं मला वाटतं.

कायद्याचं बोला
इथं सहमत. आणि एक इतिहास, सगळ्यांनाच टोचेल असा. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं झाली १९९९ साली, राष्ट्रपती राजवट असताना. जाहीर केली राज्यपाल जेकब यांनी, १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीवेळचे ते जनरल. मंत्रिमंडळ नव्हतं म्हणून झालं. आमदार जागेवर असते तर म्हादईचं अभयारण्य आजही फायलीत असतं. म्हणजे गोव्याच्या वन्यजीवांसाठी सर्वांत मोठं काम झालं ते लोकशाही सुटीवर असताना.

काजूबोंड
तेच तर! तुम्हाला ते अभिमानानं सांगावंसं वाटतं आणि आमचं दुखणं तिथूनच सुरू होतं. आम्हाला विचारलं कुणी? एके दिवशी कळलं, तुम्ही राहता ते अभयारण्य आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आम्ही हललो नाही, हद्दच चालत आली."

फोंड्याचा म्हातारा
सासूबाईंचं वाक्य काकांच्या तोडीस तोड. सत्तरीत पाणीच वेगळं आहे.

पण बाय, दुसरी बाजू पण बघ. त्या अभयारण्यामुळेच आज म्हादई नदीच्या पाण्यासाठी कर्नाटकाशी भांडताना आपल्या हातात काहीतरी आहे. लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं. आपण आता कुठल्या बळावर अडवतो? रानाच्या आणि वन्यजीवांच्या कायद्यावर. वाघ नसता तर पाण्याचा वकील कोण होता?

काजूबोंड
आजोबा, हे मान्य. म्हणून तर मी धागा सोडून गेले नाही.

पेडणेकर
थोडं विषयांतर. २०२५ च्या सप्टेंबरात ओंकार आमच्याकडे आला होता. ओंकार म्हणजे दोडामार्गकडून उतरलेला हत्ती. पेडण्यात हत्ती! पहिल्या दिवशी अख्खा गाव बघायला. म्हाताऱ्या बायकांनी लांबून हात जोडले, पोरांनी रील काढले. दुसऱ्या दिवशी भातात शिरला. तिसऱ्या दिवशी जे हात जोडत होते तेच फटाके शोधत होते. आठव्या दिवशी माझा शेजारी म्हणाला, "देव आहे खरा, पण विसर्जन कधी?"

सांगायचा मुद्दा, प्राण्यावरचं प्रेम अंतरावर अवलंबून असतं. पाच किलोमीटरवर भक्ती, पन्नास मीटरवर फटाके.

खाजेवाला
"विसर्जन कधी" हे ह्या महिन्याचं सर्वोत्तम वाक्य म्हणून जाहीर करतो. काका दुसरे.

करवीरकन्या
सासर म्हापसा, माहेर कोल्हापूर. हत्तीचा विषय निघाल्यावर राहवलं नाही. नांदणी मठाची महादेवी, आमची माधुरी, तिला न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेतल्या वनतारा प्राणिकेंद्रात नेलं तेव्हा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालले. माझे वडील सत्तरीचे, म्हणजे वयाने सत्तरीचे, तेही चार किलोमीटर चालले. घोषणा फारशी नाही. रडत होती माणसं.

मी बघत होते आणि मला प्रश्न पडला. साखळदंडात उभी असलेली हत्तीण परत द्या म्हणून रडणं, हे प्राण्यावरचं प्रेम की आपल्या वस्तूवरचं? वडिलांना विचारायची हिंमत झाली नाही. अजून नाही.

रानवाट
@करवीरकन्या, नका विचारू. मला वाटतं दोन्ही एकच असतं, निदान सुरुवातीला. मी 'आमचा वाघ' म्हणतो तेव्हाही.

@पेडणेकर, तुमच्या अंतराच्या सूत्रात मी कुठं बसतो ते मोजलं. पणजी ते आमचा वाडा, पन्नासेक किलोमीटर. भक्तीच्या हद्दीत आरामात.

उसगावचा टिप्पर
इतकं सगळं झालं, मूळ माणसाचं काय? काकांशी बोलणं झालं की नाही?

कायद्याचं बोला
खरं आहे, भरकटलो. रानवाट, तुम्हाला फलकापेक्षा उपयोगी काम सुचवतो. तुमच्या वाड्यातले वनहक्काचे दावे कुठवर आलेत ते पाहा. २००६ चा कायदा आहे, अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास. पुरावा म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांची निवेदनंही चालतात. अडतं ते नकाशात. कुणाची काजू कुठून कुठपर्यंत हे कागदावर आणायला माणूस नसतो.

काजूबोंड
आणि तुम्ही तर पक्षी कुठं दिसला त्याचे बिंदू फोनवर टाकत हिंडता. तेच करा, काजूसाठी.

शेळ-मेळावली आठवा. जानेवारी २०२१, आयआयटी नको म्हणून बायका रस्त्यावर. अश्रुधूर सोसला, प्रकल्प गेला. रस्त्यानं जिंकलं ना? पण बातम्यांतला मेळावलीचा फोटो जुना झाला आणि सत्तरीतला जमिनीचा प्रश्न जसाच्या तसा. रस्ता 'नको' म्हणायला चांगला. 'हे आमचं' म्हणायला तलाठ्याकडेच जावं लागतं.

डिचोलीकर
तलाठ्याकडे जायला मोर्च्यापेक्षा जास्त धैर्य लागतं हे नोंदवावं.

मोरजीची
दादा, आधी काकूंना गाठा. पुरुषांचा राग बायकांच्या चुलीवरच निवतो.

रानवाट
(तीन आठवड्यांनी)

धागा वर आणतोय, कारण टिप्परबाबांनी विचारलं होतं.

मोरजीच्या ताईंचं ऐकलं. काकूकडे गेलो, पेज जेवलो, बसलो. काका बाहेर कोयता घासत होते, बरंच वेळ घासत होते, एवढी धार लागतच नाही. मग मीच म्हटलं, फलकावरचं वाक्य चुकलं. मागणी चुकली म्हणत नाही, वाक्य चुकलं. ते म्हणाले, "वाक्य कुणी लिहिलं?" म्हटलं, मीच. "मग हात चांगला आहे. अर्ज लिहिशील?"

खेतींसाठी. बाहेरच्या वाचकांना सांगतो, खेती म्हणजे आमच्याकडे माकडं. शेती खातात त्या खेती. नारळ कोवळे असतानाच पाडतात. काकांचा दोन वर्षांचा हिशेब वहीत होता, तारीखवार, किती नारळ, किती केळी. मी वीस वर्षं पक्ष्यांची वही ठेवतोय आणि ह्या माणसाच्या वहीपुढे माझी वही म्हणजे पाढे. त्यात मधेच एका पानावर लिहिलेलं, 'पहाटे वाघाची पावलं, ओढ्याकडे गेला, गुरं आत घेतली.' खाली नुकसान: निरंक.

मी विचारलं, हे कुणाला सांगितलं नाही? म्हणाले, "सांगून? तुम्ही फलक धराल, ते विष आणतील."

त्यावर मला काही बोलता आलं नाही.

दोन रविवार चुलतभावाबरोबर काजूच्या हद्दी फोनवर टिपल्या. नऊ घरांच्या झाल्या, चौदा राहिल्यात. तिसऱ्या घराला बांधावरून भांडण लागलं, तेही टिपलं. व्याघ्र प्रकल्पावर आमचं एकमत झालेलं नाही, तो विषय काढला की भाऊ विडी पेटवतो. मी पुढच्या वेळी पणजीत उभा राहणार आहे, हे त्याला सांगितलंय. तो म्हणाला, "राहा. पण फलक आधी मला दाखव."

आत्ताच त्याचा आवाजी निरोप आला, जसाच्या तसा लिहितो: "उद्या पहाटे ये. खेती कुळागरात उतरल्यात, पन्नासेक असतील. दुर्बीण घेऊन ये. बघायला नव्हे रे, कुठल्या माडावर बसल्यात ते सांगायला. गलोल मी आणतो."

पेडणेकर
अंतर पन्नास मीटर. आता कळेल.

काजूबोंड
जावा दादा. आणि पायताण घालून नका जाऊ, बूट घाला. ह्या दिवसांत पाल्यात फुरशी असतात.